गुलाबी मेणाची मूठ

३ फेब्रुवारी, मंगळवार

आजही लेकीने फोन उचलला नाही. नंतर निरोप आला, "खेळायला गेले होते गं." थंडी सुरू झाल्यापासून हे स्क्वॉशचं खूळ तिच्या डोक्यात शिरलंय. नोकरी करून, दमून येते आणि वर कोर्टावर जाते. कौतुक आहे. लहानपणी हिला पळायला सांगितलं की हिच्या पोटात दुखायचं. माणूस बदलतो तो असा.

मी फोन करते ते दातांच्या लॅबमधून घरी आल्यावर, हात धुतले की लगेच. पूर्वी या वेळेला तिचे बाबा दारात बूट काढत कुणाला तरी शिव्या घालत असायचे. ते गेल्यापासून या वेळेला घर खायला उठतं. माझं काही मोठं काम नसतं. वरच्यांचा नळ, शेजारणीच्या मुलीचं घर, आणि शेवटी "तू केव्हा येतेस?" एवढंच. उचलला नाही तर जेवायच्या आधी एकदा करते आणि जेवल्यावर एकदा. जास्त त्रास देत नाही मी.

आज डोक्यात आलं की मीही शिकले तर? महिन्याच्या शेवटी ती येणार आहे. स्क्वॉश दोघांनी खेळायचा खेळ, आणि आम्ही आहोतच दोघी. क्रीडासंकुलात कोर्ट आहे म्हणे. त्या भिंतीमागून धाडधाड आवाज येतात, मला इतकी वर्षं वाटायचं दुरुस्ती चालू आहे.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

खेळाच्या दुकानात गेले. दुकानदार उंच, वाकलेला, चेहऱ्यावर कायम आत्ताच कुणीतरी उधार मागितल्यासारखा भाव. रॅकेट हवी म्हटल्यावर विचारतो, "नातवाला का?" मी चोपन्न वर्षांची आहे. माझे सगळे दात माझे आहेत, आणि हे मी कवळ्या करणारी बाई म्हणून सांगते. म्हटलं, "मला हवी."

त्याने जे वर टांगलेलं होतं ते दाखवलं. किंमत ऐकून मी स्टुलावर बसले. त्या पैशात आमच्याकडे वरची-खालची कवळी होते आणि माणूस तिच्यावर उरलेलं आयुष्य काढतो. मग त्याने ॲल्युमिनियमची काढली. स्वस्त, पण मानेपाशी जोड, आणि उचलली तर मनगट खाली. हातोडीच घेतली असती मग. दुकानदार म्हणाला, "शिकाऊ माणसाची पहिली रॅकेट भिंतीवर आपटतेच. महागडी घेऊन रडू नका. पण एवढी जडही नको, मनगट धरेल."

"मग कुठली?"

"मधली."

मधल्या तर भिंत भरून होत्या. परत येते म्हटलं.

८ फेब्रुवारी, रविवार

रविवारी सकाळी ती उचलते. आज विचारलं, तुझी रॅकेट कुठली आहे?

"काळी आहे गं."

"वजन किती?"

"असेल नॉर्मल. आई, तुला कशाला?"

मी काहीच फोडलं नाही. तिला चकित करायचं आहे. म्हटलं, सहज. चेंडूवर ठिपके किती असतात तुमच्या? दुकानात चेंडूवर रंगीत ठिपके पाहिले होते.

"कसले ठिपके?"

इतकी बुडालेली असते खेळात की ठिपक्यांकडेही लक्ष नाही. बापासारखी. त्यांनाही घराच्या भिंतीचा रंग विचारला तर बाहेर जाऊन बघून यायचे.

मग "केव्हा येतेस?" विचारलं. "बघते," म्हणाली.

१० फेब्रुवारी, मंगळवार

लॅबमधला छोटा वजनकाटा पर्समध्ये घालून दुकानात गेले. रॅकेटवर एक आकडा छापलेला आणि काट्यावर भलताच. मी दुकानदाराला धरलं. तो म्हणाला, "बाई, छापलेलं वजन बिनतारांचं असतं. तारा आणि मुठीची पट्टी धरून वाढणारच."

"मग तसं लिहायला नको? मी कुणाला बिनदातांची कवळी विकत नाही."

तो हसला. हसल्यावर दिसलं, उजवीकडच्या दाढेची टोपी कुणीतरी रंग न जुळवता बसवली आहे. मी सांगितलं नाही. पहिल्याच ओळखीत कुणाच्या तोंडात शिरू नये. एकेक रॅकेट काढत तो तास दीड तास बोलत होता. डोकं थेंबाच्या आकाराचं असेल तर तारांची चांगली जागा मोठी मिळते, चुकलेला फटकाही जातो. तोल हातात घेऊनच कळतो. शेवटी वैतागून म्हणाला, "घेणार आहात की तपासणी आहे?"

अजून ठरत नाही म्हटलं. खरं म्हणजे एक ठरली होती. पण घाई कशाला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

घेतली. अजून दोन चकरा झाल्या होत्या आणि आता दुकानदार मला बघून स्वतःच स्टूल पुढे करायला लागला होता, मग लाज वाटली. गेल्या वर्षीची आहे. रंग पोपटी, म्हणून कुणी घेईना आणि म्हणून स्वस्त. मला रंगाशी काय करायचंय? चेंडू मात्र सगळ्यात चांगला द्या म्हटलं. दोन पिवळ्या ठिपक्यांचा दिला. "हा पक्क्या खेळाडूंचा असतो," तो म्हणाला. म्हटलं, माझी मुलगी पक्कीच आहे.

घरी येऊन रॅकेट तिच्या बाबांच्या खुर्चीवर ठेवली. खुर्चीवर काहीतरी असलेलं बरं वाटलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

पहिला दिवस. लिहावंसं वाटत नाही.

कोर्ट म्हणजे चार भिंतींची पांढरी खोली, मागची भिंत काचेची, म्हणजे बाहेरच्यांना फजिती नीट दिसावी. पुढच्या भिंतीच्या पायाशी पत्रा ठोकलाय. चेंडू त्याच्यावर लागला की थाळी पडल्यासारखा आवाज होतो. मी तो आवाज तासभर केला. बाकीच्या वेळी चेंडू भिंतीला लागून खाली पडायचा आणि पडूनच राहायचा. उसळी म्हणून नाही. ओल्या प्लास्टरचा गोळा टाकला तर तो याहून उडेल. मूठही बारीक, हातात फिरते.

घरी येताना रडू आलं. खेळाचं नाही. मला वाटलं, हिच्यासमोर असं झालं तर ती पुन्हा खेळायला नेणार नाही. आधीच वेळ कुठे असतो तिला माझ्यासाठी.

१८ फेब्रुवारी, बुधवार

मुठीचा प्रश्न मी सोडवला. इतकी वर्षं जबड्यांची मापं घेण्यात गेली, एका मुठीचं माप घेता येणार नाही का? लॅबचे मालक जेवायला गेल्यावर कवळीसाठी वापरतो ते गुलाबी मेण गरम केलं, रॅकेटच्या मुठीवर थापलं आणि ऊन असतानाच हाताने घट्ट धरलं. पाची बोटांच्या खाचा अशा उमटल्या की बघत राहावं. वर पातळ पट्टी गुंडाळली. एवढी माझ्या मापाची वस्तू घरात दुसरी कुठलीच नाही.

मालकांनी विचारलं, "हा कुणाचा जबडा?" म्हटलं, माझाच.

लेकीला फोन केला. उचलला आणि घाईने म्हणाली, "आई, कोर्टवर आहे, नंतर बोलते." मागे नळ वाहत होता, भांडी वाजत होती. त्यांच्या कोर्टाला लागूनच कँटीन असावं. आमच्याकडे साधं प्यायचं पाणी नाही. नंतर बोलायचं ती विसरली.

२१ फेब्रुवारी, शनिवार

माझ्यासारखी शहाणी मीच.

पंधरा मिनिटं खेळले आणि हात तापला. हात तापला तसं मेण सुटलं. पट्टीतून गुलाबी चिकटा बाहेर आला, बोटांत, मनगटावर, कपाळ पुसलं तर कपाळावर. रॅकेट हातातून निसटली आणि काचेवर जाऊन आपटली. मेण तोंडातल्या उबेने मऊ होतं म्हणून आम्ही कवळी मेणाचीच ठेवत नाही, नंतर प्लास्टिकमध्ये पक्की करतो, हे मी नव्या मुलींना शिकवते. मीच.

काचेपलीकडे एक बाई उभी होती. चाळिशीची, डोळ्यांवर खेळायचा मोठा पारदर्शक चष्मा. मी तिचं नाव गॉगलबाई ठेवलंय. दार उघडून म्हणाली, "लागलं का? रक्त आहे?"

"रक्त नाही. कवळीचं मेण आहे."

तिने पुढे काही विचारलं नाही. मोजकं बोलणारी दिसते. चेंडू उचलून दाबला आणि म्हणाली, "हा थंड आहे. दोन ठिपक्यांचा चेंडू मारून मारून गरम केल्याशिवाय उसळत नाही. आणि तो गरम ठेवण्याएवढं जोरात तुम्हाला मारता येणार नाही अजून." मग आपल्या पिशवीतून निळ्या ठिपक्याचा मोठा चेंडू दिला. "शिकणाऱ्यांचा हा. आणि हातोडीसारखी धरू नका. हात मिळवतो तशी धरा."

निळा चेंडू उसळला! मी आठवडाभर स्वतःला नालायक ठरवत होते आणि दोष ठिपक्यांचा होता.

२२ फेब्रुवारी, रविवार

दुकानदाराकडे मूठ साफ करून घेतली. त्याने पट्टी काढली आणि मूठ उजेडात धरून फिरवून पाहिली. मग म्हणाला, "हे मी आयुष्यात पाहिलं नव्हतं." खरवडून, पुसून नवी पट्टी लावून दिली. "पण सगळं निघालं नाहीये हं. आतली मूठ लाकडाची, तिच्या रेषांत गेलंय. हात तापला की थोडं थोडं येतच राहणार."

लेकीचा फोन. महिन्याच्या शेवटी जमत नाही. कामाचं आलं काहीतरी. पुढच्या महिन्यात नक्की.

बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवल्यावर घर एवढं गप्प झालं की मी फ्रिज नीट बंद आहे का ते बघून आले. निदान तो घरघरतो.

१ मार्च, रविवार

आज तीही सकाळी खेळायला गेलेली. रविवारी सकाळीसुद्धा. दुपारी परत केला, संध्याकाळी परत केला. काही झालं तर नसेल ना म्हणून एकदा अजून. निरोप आला, "मी ठीक आहे आई. प्लीज."

प्लीज कशाचं ते कळलं नाही. वाक्य अर्धंच पाठवलं असावं.

६ मार्च, शुक्रवार

गॉगलबाईची जोडीदारीण बदली होऊन गेली आहे. म्हणून ती एकटी यायची. मला वाटायचं तिला एकटं खेळायला आवडतं. तिलाही माझ्याबद्दल तसंच वाटत होतं. आम्ही आता एकत्र खेळतो. म्हणजे ती खेळते आणि मी धावते. पण आज सलग सात-आठ फटके चेंडू चालू राहिला आणि शेवटचा माझा होता, कोपऱ्यात. तिने रॅकेटवर टाळी वाजवली. मी घरी येईपर्यंत हसत होते. रस्त्यात लोक बघत होते, बघू देत.

घरी आल्यावर हे सांगायला कुणी नव्हतं. खुर्चीला सांगितलं.

१० मार्च, मंगळवार

आज भलताच प्रकार झाला. लॅबमधून थेट कोर्टावर गेले, फोन तिथल्या कपाटात राहिला. गॉगलबाईने खेळ लांबवला. बाहेर येऊन बघते तर लेकीचे फोनवर फोन. लगेच केला.

पहिल्या घंटीलाच उचलला. "कुठे होतीस? किती फोन केले मी! तुझा आज आलाच नाही, मग मी केला, तर तू उचलेनास. शेजारच्या काकूंना सांगून दार वाजवायला लावलं!"

"अगं, स्क्वॉश खेळायला गेले होते."

फोन कट झाला असं वाटलं.

"आई, खरं सांग. कुठे होतीस?"

मला रागच आला. "खरं म्हणजे? मी खोटं कशाला बोलू? स्क्वॉश खेळत होते म्हटलं ना!"

ती रडायला लागली. मला काही समजेना. रॅकेट घेतली, पोपटी आहे, तुला चकित करायचं होतं, सगळं सांगून टाकलं तर आणखीच रडायला लागली. शेवटी म्हणाली, "मी शनिवारी येते."

चकित करायचं राहिलं. पण येते म्हणाली!

१४ मार्च, शनिवार

आली. बारीक झालीये. तिची रॅकेट तिकडेच राहील असं फोनवर म्हणाली होती, म्हणून मी आधीच गॉगलबाईची हलकी, चांगली रॅकेट मागून ठेवली होती. ती म्हणत होती, "आई, आज घरीच बसू ना." मी कसली ऐकते. ओढत नेलं.

दोन पिवळ्या ठिपक्यांचा चेंडू जपून ठेवला होता तो तिला दिला. "हा माझ्याच्याने होत नाही. तू पक्की, तुला जमेल."

तिने रॅकेट धरली. हातोडीसारखी.

मारला. चेंडू भिंतीला लागला, खाली पडला आणि पडून राहिला. परत मारला. परत तसाच. ती वळून म्हणाली, "आई, हा चेंडू फुटलाय बहुतेक."

मला कळलं. काळी रॅकेट, नॉर्मल वजन, कसले ठिपके, कँटीनमधली भांडी, सगळं एकदम कळलं. ती कधी कोर्टात उभीच राहिली नव्हती. माझा फोन वाजत असायचा आणि ती तिथेच, आपल्या घरात, भांडी विसळत असायची. वाजू द्यायची. मला फार वाईट वाटलं. ते इथे लिहिते कारण दुसरीकडे कुठे लिहिणार. काचेला टेकून उभी राहिले, पाय थकलेत असं दाखवून. एकदा वाटलं, विचारावं सरळ. एवढी जड झाले का गं मी?

ती चेंडू हातात घेऊन उभी होती. शाळेत काही फोडलं की अशी उभी राहायची.

मी पिशवीतून निळा चेंडू काढला. "हा घे. सुरुवातीला हाच बरा असतो."

"सुरुवातीला" म्हटल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले.

"आई, मी..."

"आधी चेंडू गरम करायचा. एक तू मार, एक मी. आणि अशी नाही धरायची. हात मिळवतो तशी."

तिची बोटं मी माझ्या हाताने एकेक करून मुठीवर लावली. कितीतरी दिवसांनी तिचा हात हातात आला. मग खेळलो. वाईट खेळते. दोनदा माझ्या पोटरीवर चेंडू मारला. एकदा दोघी एकाच कोपऱ्यात धावलो, आपटलो आणि खालीच बसून हसलो. काचेपलीकडे गॉगलबाई उभी होती, ती हळूच निघून गेली.

घरी आल्यावर ती स्वतःहून बोलली. "तुझा फोन वाजला की मला भीती वाटायची. तू विचारणार केव्हा येतेस आणि मी नाही म्हणणार आणि तू बरं म्हणणार. ते 'बरं' ऐकवायचं नाही मला. रोज."

"मग सांगायचं ना, आई, आज नको."

"असं तुला सांगता येतं?"

येतं, न यायला काय झालं, असं तोंडावर आलं होतं. त्याऐवजी चहा टाकला.

१५ मार्च, रविवार

दुपारी गेली. दारात म्हणाली, "तुझी पोपटी मी नेऊ? तू दुसरी घे." ती कशाला, मूठ चिकट आहे, मेणाची भानगड झालीये, सगळी गोष्ट सांगितली. आधी सांगितलीच नव्हती. हसून हसून ती दारातच बसली. तरी तीच नेली. तिच्या ऑफिसजवळ खरंच कोर्ट आहे म्हणे. रोज समोरून जाते. त्यावरूनच सुचलं होतं.

खुर्ची रिकामी झाली. म्हणजे परत वजनकाटा घेऊन दुकानात. त्या दाढेच्या टोपीबद्दल या वेळी सांगून टाकावं.

१७ मार्च, मंगळवार

घरी आले, हात धुतले. फोन केला नाही. त्या वेळेला काय करायचं ते अजून समजलेलं नाही. दिवे लावले, खिडकी पुसली, ती स्वच्छच होती. मग वाटलं, एकदाच करावा. केला. उचलला नाही.

जेवायच्या आधी परत करायला हात गेला होता. मागे घेतला. जेवण नीट गेलं नाही. मनात म्हटलं, आता भांडी विसळत असेल.

भांडी मीही विसळून ठेवली तेव्हा फोन वाजला. निरोप होता. अक्षर एकही नाही, नुसता फोटो. तिचा उजवा तळहात. लाल झालेला, अंगठ्याच्या मुळाशी फोड आलेला, आणि बोटांच्या बेचक्यांत सगळीकडे गुलाबी मेण.